पुसलेली काच

१

लेन्स कुणाचीही असो, हातात आली की योगराज आधी आ करून तिच्यावर वाफ सोडायचा आणि मलमलीच्या जुन्या तुकड्याने काच पुसून काढायचा. बघणं त्यानंतर. एकतीस वर्षांत हात असा बसला होता की आपण पुसलं, हे त्याच्याही ध्यानात राहत नसे. पहिला घास कोणत्या दाढेने चावला, हे कुणाच्या ध्यानात राहतं?

सुरतेच्या रिंग रोडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्याची खोली. जुनी लेन्स घ्यायची तर नवसारीपासून व्यारापर्यंतचे लग्नाचे फोटोग्राफर आधी त्याच्याकडे आणत. तो ती कानाशी धरून हलवी. आत काही सुटलं असेल तर बारीक खुळखुळे. मग वास घेई, कारण बुरशी लागलेली काच ओल्या पुस्तकासारखी वास मारते. मग मागून टॉर्च मारून जाळी आणि ओरखडे शोधी, अंतर जुळवायची रिंग फिरवून बघी, आतल्या पात्यांवर तेल उतरलंय का ते बघी. शेवटी खोकं. ते त्याने स्वतः बनवलं होतं: पुढे लेन्स बसवायला भोक, मागे ताणलेला बटर पेपर, वरून काळं कापड. कापडात डोकं घातलं की खिडकीसमोरची साडीच्या गोदामाची भिंत त्या पेपरवर काडेपेटीएवढी उमटायची, उलटी. चारच्या सुमाराला त्या भिंतीवर ऊन येई. गोदामाच्या पिवळ्या पाटीवरची अक्षरं कडेपर्यंत धारदार दिसली तर ‘ए’, कडेला विरली तर ‘बी’. त्याने चिठ्ठीवर लिहिलेलं अक्षर कुणी बदलून मागत नसे.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात चलथाणच्या चंदू भंगारवाल्याने अकरा लेन्सची गोणी आणून टाकली. कुठकुठून जमवल्या, हे चंदू सांगत नसे आणि योगराज विचारत नसे. सहावी होती पंच्याऐंशी एमएमची, चेहरे टिपायची लेन्स. तिच्या अंगावर लाल नखपॉलिशचा एक ठिपका होता. लग्नात चार फोटोग्राफरांच्या बॅगा एकाच कोपऱ्यात पडतात, तेव्हा आपली वस्तू ओळखायची ही पोरांची रीत.

योगराजने वाफ सोडली, पुसली. कापड काळंभोर झालं. लूमची धूळ, तो म्हणाला. वास घेतला तर बुरशीचा नव्हता. जळक्या पॉलिस्टरचा होता. पण गोडादऱ्याच्या यंत्रमागांत जन्म काढलेल्या माणसाला तो वास, वास म्हणून येतच नाही. पाण्याला येतो, उशीला येतो, शेजाऱ्याच्या गळ्यात पडलं तरी येतो. रिंग अकरा फुटांच्या खुणेवर घट्ट बसली होती. त्याने स्पिरिटचे दोन थेंब सोडले, हलकेच पिळली. सुटली.

मग खोकं. कापडाखाली पिवळी पाटी दिसली, गोदामाची भिंत दिसली आणि त्यांच्यावर गज दिसले. पाच उभे गज.

योगराजने डोकं बाहेर काढून खिडकीकडे पाहिलं. तिला गज नव्हते. कधीच नव्हते. आतल्या काचांची एकमेकींत पडलेली सावली असेल, असं त्याने ठरवलं. चित्र मधूनच पुसट होई, पुन्हा उजळे. ते उन्हावरून जाणारे ढग असतील, असंही ठरवलं. चिठ्ठीवर ‘बी’ लिहिलं आणि लेन्स कपाटात ठेवली.

आकाशात त्या दिवशी ढग नव्हता. पण हे त्याला पुढे आठवलं.

२

पंधरा दिवसांनी एक बाई दुपारची जिना चढून आली. साठीची, पायात रबरी चपला, हातात पिशवी. उंबऱ्यातच बसली आणि दम खाऊन म्हणाली, “चंदूनी सांगं, तठे जा. लाल नखपालिशना टिपका शे का एखाद्या लेन्सवर?”

योगराज अमळनेरकडचा. सुरतेत येऊन केस पिकले, तरी ही बोली कानावर पडली की त्याचा हात थांबायचा. “शे,” तो म्हणाला. “मझार या, माय. बसा.”

त्याने कपाटातून लेन्स काढून दिली. बाईने काचेकडे पाहिलंही नाही. अंगठा त्या लाल ठिपक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. “मानी व्हऊनी नखपालिश शे,” ती म्हणाली. सुनेची.

बाईचं नाव सुभद्राबाई. सुशांत तिचा एकुलता एक, लग्नाचे फोटो काढायचा. दसऱ्याला बमरोलीच्या एका गिरणीत यंत्रांची पूजा होती आणि मालकाला फोटो हवे होते, म्हणून तो गेला. साडेअकराला आग लागली. गिरणीने सांगितलं, सहा मेले. पेपरांनी सहा छापले. मागचं शटर उघडं होतं, असं गिरणीच्या लेटरहेडवर होतं, तेही छापलं. शटर जाऊन बघायला बमरोली काही काशी-रामेश्वर नव्हती, रिक्षाने वीस मिनिटं. पण लेटरहेड आपल्या पायांनी टेबलावर येतं आणि बमरोलीला आपल्याला जावं लागतं. फोटोग्राफर अकरालाच निघून गेला, अशी फाटकावरच्या वहीत नोंद होती. माणसं जळली, वही जळली नाही. पोलिसांनी सुशांतच्या नावापुढे ‘बेपत्ता’ लिहिलं आणि मिटवलं.

गल्लीत लोक म्हणत होते, पोरगं वापीला कुणाबरोबर तरी पळालं. सून वृषाली रोज कुंकू लावत होती आणि रोज दोन ताटं वाढत होती. दुसरं ताट सकाळी सुभद्राबाई गायीला घालत होती.

मंगळवारी चौकशी अधिकारी जबाब घेणार होते. लेन्स आगीत होती असा जाणकाराचा कागद असला तर बघू, असं त्यांच्या कारकुनाने सांगितलं होतं.

“माले पैसा नको, भाऊ,” सुभद्राबाई म्हणाली. “तो मझार व्हता का नही, इतलं सांगा. व्हऊ रोज ताट वाढस.” मग थोडं पुढे सरकून तिने विचारलं, “उनी तवय काजयी व्हती का हिन्यावर?”

आली तेव्हा हिच्यावर काजळी होती का. साधा प्रश्न. योगराजच्या डोळ्यांसमोर ते काळंभोर कापड आलं. त्या शनिवारी धुवायला टाकलं तेव्हा बायकोने, मंगलाबाईने, विचारलंही होतं, आज चूल पुसून आलात की काय. मोरीतून काळं पाणी गेलं होतं. सुशांतचा सगळा पुरावा त्या पाण्यातून गेला होता आणि योगराजने तेव्हा उत्तरही दिलं नव्हतं, कारण तो टीव्ही बघत होता.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. “नीट तपासावी लागेल,” तो म्हणाला. “ठेवून जा. शनिवारी या.”

३

दुसऱ्या दिवशी त्याने लेन्स अशी तपासली, जशी एकतीस वर्षांत एकही तपासली नव्हती.

आतल्या दोन काचा डिंकाने एकमेकींना चिकटवलेल्या असतात. डिंक तापला की सुटतो, आणि सुटलेल्या जागी पाण्यावर सांडलेल्या तेलासारखे रंग दिसतात. टॉर्चच्या झोतात ते दिसले: नखाएवढी एक कोर, एकाच कडेला, पुढच्या बाजूने. म्हणजे लेन्स बॅगेत नव्हती. बॅगेत असती तर चहूकडून सारखी तापली असती. ती कॅमेऱ्याला लावलेली होती, कॅमेरा कुणीतरी वर धरलेला होता, आणि ज्या दिशेला ती बघत होती त्याच दिशेने आग आली होती.

हे योगराजला कळलं. पण डिंक वयानेही सुटतो, हे गिरणीच्या वकिलाला कुणीही सांगितलं असतं. काजळीला वय नसतं. अकरा फुटांवर गोठलेली रिंग खोटं बोलत नाही. त्या दोन्ही त्याने स्वतः दुरुस्त केल्या होत्या. चोख दुरुस्त केल्या होत्या.

कसले अकरा फूट? त्याने टेप काढून आपल्या खोलीत मोजले. टेबलापासून दारापर्यंत. बस, एवढंच. समोरच्या माणसाचा चेहरा ओळखू येतो, हाक मारली तर ओ देतो, एवढं अंतर.

४

चार वाजता लेन्स खोक्याला लावली. गज दिसले.

शेजारच्या टेबलावर नितीन बसायचा, फ्लॅश दुरुस्त करणारा. धुळ्याचा, पण सुरतेत जन्मलेला, त्यामुळे जिभेवर अर्धी गुजराती. योगराजने त्याला काहीएक न सांगता कापडाखाली घातलं.

“काय दिसतं?”

“आ तो आपलीच बारी. खिडकीबाहेरची पाटी दिसते. पाटीवर कबूतर.”

“गज?”

नितीन बाहेर आला. “योगराजभाऊ, गज तुमच्या चष्म्याला आलेत. नंबर वाढलाय.”

योगराज हसला. हसता आलं म्हणून त्याला बरंही वाटलं. नितीन चहाला खाली गेल्यावर त्याने खोक्याला दुसरी पंच्याऐंशी लावली. गज नाहीत. पुन्हा ही लावली. गज. माणूस विचार करायला लागला की त्याला कारणं सापडतात. योगराजला तीन सापडली आणि तिन्ही त्याने पुठ्ठ्यावर आकृती काढून स्वतःला पटवली. मग शेवटची परीक्षा म्हणून खोकं फिरवून कपाटाच्या बंद दाराकडे तोंड करून ठेवलं. आता पेपरवर तपकिरी दार दिसायला हवं होतं.

गज दिसले. गजांमागे ऊन होतं. आणि वरच्या बाजूला, म्हणजे खरं तर खाली, झेंडूचं तोरण सांडून पडावं तसं काहीतरी केशरी होतं.

पाटी नव्हती, कबूतर नव्हतं.

चित्र पुसट झालं. पुन्हा उजळलं. पुन्हा पुसट झालं. त्याने डोकं बाहेर काढलं तेव्हा खोली नेहमीची होती, पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता. फक्त नाकाला तो वास आला, जो त्याला जन्मभर येत नव्हता.

५

शुक्रवारी नितीन कतारगामला गिऱ्हाइकाकडे गेला होता. योगराजने चारची वाट पाहिली नाही. जेवण झालं, खोकं टेबलावर ओढलं, आणि कापडात शिरण्याआधी लेन्सला पुढून झाकण लावलं. झाकण लावल्यावर पेपर काळा होतो. उजेड आत येणार कुठून?

पेपर काळा झाला नाही.

एकतीस वर्षं त्याने जग उलटं वाचलं होतं, त्यामुळे मान वाकडी करावी लागली नाही. हार घातलेलं यंत्र. त्याच्यापलीकडे शटर, शटरशेजारी पाच गजांची खिडकी. शटर खाली होतं, जमिनीपर्यंत, आणि त्याच्यासमोर माणसांच्या पाठी. एका पाठीवर नवा कोरा सदरा, घडीच्या खुणा अजून मोडल्या नव्हत्या. सणाचा सदरा. पाठी हलत होत्या. आवाज येत नव्हता.

योगराजने मोजलं. हिशेबी माणूस होता, दुसरं काय करणार? चार. सहा. सहाला तो थांबला नाही, कारण सहा संपले नव्हते. आठ. एक बाई, डोक्यावरून पदर. दहा. मग चित्र पुसट झालं आणि त्याला थांबावं लागलं. उजळलं. अकरा.

त्या अकरांत तो सुशांतला शोधू लागला. त्याने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा असेल, असं धरून चालला. पट्टा कुणाच्याच गळ्यात नव्हता. तेवढ्यात नव्या सदऱ्याच्या माणसाने मागे वळून पाहिलं. थेट. अकरा फुटांवरून. चेहरा स्वच्छ होता, कडेपर्यंत धारदार. त्याने हात केला, वाचवा म्हणून करतात तसा नाही. ‘अरे, तो ठेव आणि इकडे ये’, असा.

तो कुणाला बोलावत होता?

फोटो काढणारा फोटोत नसतो. हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि योगराजला ते आत्ता कळलं. सुशांत पेपरवर सापडणार नव्हता. तो लेन्सच्या या बाजूला होता. मागे. जिथे डोळा लावतात तिथे.

काळ्या कापडाखाली उकडत होतं. कानाजवळ श्वास चालला होता, जड, घशात खरखरणारा. आपलाच, योगराज मनाशी म्हणाला. आणि खात्री करायला त्याने आपला श्वास रोखला.

चित्र पुसट झालं. उजळलं. पुसट झालं.

६

शनिवारी सुभद्राबाई आली तेव्हा खिडकी सताड उघडी होती आणि योगराज खोक्यापासून लांब, दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. नितीनला त्याने मुद्दाम कामाला धाडलं होतं. बाई बसायच्या आत त्याने सांगून टाकलं. काजळी होती. कापड काळं झालं होतं. मी पुसली. रिंगही मी सोडवली. आता काहीच राहिलं नाही.

सुभद्राबाईने पिशवी मांडीवर घेतली. योगराजला वाटलं, शिव्या दिल्या तर बरं होईल.

“माना आंडोरबी तशेच करे,” ती म्हणाली. “हातमा लेन्स उनी का पहिले वाफ, मंग फडकं. जेवताना बी. मी म्हणू, आरे, ती काय पोरगी शे का, घडी घडी तोंड पुशी ऱ्हायना?”

माझा मुलगाही तसंच करायचा. योगराज उठला. त्याला काही दाखवायचं नव्हतं, पण पाय खोक्याकडे गेले. त्याने मागचा बटर पेपर काढला. आता खोक्यात पाहिलं की सरळ लेन्सची मागची काच दिसत होती, रुपयाएवढी, काळसर, स्वच्छ. त्याने स्वतः पुसलेली.

दोघं बघत राहिले. दुपार होती, खाली टेम्पोवाला कुणाशी तरी गाठोड्यांवरून भांडत होता.

काचेवर वाफ धरली. कडेपासून नाही, मधोमध, बोटाएवढी. पसरली, आणि विरली. मग पुन्हा धरली.

योगराज काचेपासून हातभर मागे होता. त्याने श्वास सोडला नव्हता. सुभद्राबाई तीन हात लांब होती.

ती उठून जवळ आली. घाबरली नाही, की रडली नाही. तिने उजवा तळहात खोक्यात घातला आणि काचेमागे धरला, न टेकवता. तान्ह्या पोराला झोप लागली की आई मध्येच नाकाखाली हात धरून बघते, तसा. समोरच्या भिंतीवर ऊन आलं, पिवळी पाटी पेटल्यासारखी झाली, ऊन पाटीवरून सरकलं आणि वर छपराला लागलं. तेवढा वेळ हात तिथेच होता. मनगट अवघडलं तेव्हा तिने डाव्या हाताने त्याला आधार दिला.

“माय,” योगराज म्हणाला, “सहा नव्हते. मी अकरापर्यंत मोजले. शटर बंद होतं.”

तिने मान हलवली. जणू हे तिला दसऱ्यापासूनच ठाऊक होतं, आणि त्यासाठी ती जिना चढलीच नव्हती.

“लिखा,” ती म्हणाली. “व्हऊले मी सांगसू.”

७

योगराजने लिहिलं. काच एका बाजूने तापली आहे, बॅगेत नव्हती, कुणीतरी धरलेली होती. आली तेव्हा तिच्यावर काजळी होती आणि रिंग अकरा फुटांवर बसलेली होती. ती काजळी मी माझ्या हाताने पुसली, रिंग मी सोडवली, चूक माझी. खाली सही केली. अकरा माणसांचं लिहिता आलं नाही. ते त्याने कुठे पाहिलं म्हणून सांगणार होता? गिरणीकडे फाटकावरची वही होती. त्याच्याकडे खोकं होतं.

चिठ्ठीवर आधी लिहिलेला ‘बी’ त्याने खोडला. त्या जागी काय लिहावं, ते सुचलं नाही.

“मंगळवारी लेन्सही न्यावी लागेल,” तो म्हणाला. “डबा देतो. पुढून-मागून झाकण लावून देतो.”

“झाकण नको,” सुभद्राबाई चटकन म्हणाली. तिने कागद पिशवीत घातला. “कागद देसू. लेन्स नही देवाव. त्या साहेब लोक बी पुशी टाकतीन.”

मग तिने लेन्स खोक्यातून काढून पदरात घेतली, दोनदा गुंडाळली, आणि मागच्या काचेवरून पदर बोटाने थोडा खाली केला. लहान पोराला उन्हातून नेताना नाक उघडं ठेवतात, तेवढाच. छातीशी धरून ती जिना उतरू लागली, एकेक पायरी, भिंतीला हात लावत.

वर येणारा नितीन जिन्यातच तिला वाट द्यायला थांबला असावा, कारण तो यायला उशीर झाला. आल्यावर त्याने पिशवी टेबलावर टाकली आणि खालच्या आवाजात विचारलं, “भाऊ, बाई घरी जाते की दवाखान्यात? पदरातल्या पोराची छाती बहु भरली आहे. खाली गल्लीपर्यंत ऐकू येतं.”

टेबलावर चंदूच्या नव्या गोणीतली पहिली लेन्स होती. ती योगराजच्या हातात कधी आली, ते त्याला कळलं नाही. तोंड उघडलं होतं, कापड बोटांत होतं. त्याने कापड खाली ठेवलं, तोंड मिटलं, आणि श्वास रोखून काचेकडे बघत बसला.